सुवर्णाकाकूंचं वाण

वाण देणाऱ्यासमोर उघडून बघायचं नसतं आणि दिलेलं वाण नाकारायचंही नसतं. या दोन नियमांच्या मधल्या फटीतून सुवर्णाकाकूंनी ॲशबर्नमधल्या तिसेक मराठी घरांत आपली चळवळ घुसवली. शनिवारी ती घुसली तेव्हा जिच्या घरी हळदीकुंकू होतं त्या उल्काला, म्हणजे खुद्द त्यांच्या पुतणसुनेलाच, त्याचा पत्ता नव्हता.

तो लागला सोमवारी दुपारी. सुट्टी होती. उल्का चांदीचं तबक आणि अत्तरदाणी पुसून मऊ कापडात गुंडाळत होती, तेवढ्यात रेणूचा फोन आला.

"उल्का, आधी सांग, तू रागावणार नाहीस."

"झालं काय?"

"ब्लंडर झालंय यार. काल माझ्याकडे हळदीकुंकू होतं ना, शेवटी एक वाण कमी पडलं. आणि आसावरी दारात उभी. मग तू शनिवारी दिलेली पिशवी होती तशीच पडलेली, रिबनसुद्धा सोडली नव्हती मी..."

"म्हणून तू ती फिरवलीस."

"सगळेच फिरवतात गं! तो गाळण्यांचा सेट माझ्याकडे तीनदा येऊन गेलाय, त्यात एकदा तुझ्याकडून."

हे खरं होतं. वाण फिरवणं हे चोरीइतकं वाईट आणि जांभईइतकं सर्वमान्य असतं.

"बरं, मग? आवडलं नाही का तिला?"

"पिशवीत काय होतं, तुला माहीत आहे ना?"

"तिळगूळ. आणि छोटी तांदळाची पुडी."

"आणि तिच्या खाली?"

खाली काय होतं ते उल्काला माहीत नव्हतं, कारण पिशव्या काकूंनी भरल्या होत्या. 'या वर्षीचं वाण माझ्याकडून' असं त्या म्हणाल्या तेव्हा उल्का इंडियन स्टोअरमध्ये झाकणाच्या डब्यांचे भाव बघत उभी होती, आणि तिला हायसं वाटलं होतं. उरलेली एक पिशवी कपाटात होती. तिनं फोन कानाशी धरूनच रिबन सोडली. तांदळाच्या पुडीखाली चार घड्या घातलेला जाड कागद होता. त्यावर जांभळ्या अक्षरांत, इंग्रजी आणि मराठी दोन्हींत, झाडांपलीकडे होणाऱ्या नव्या डेटा सेंटरला 'नाही' म्हणायला मंगळवारी संध्याकाळी काउंटीच्या सुनावणीला या, असं लिहिलं होतं. जायला गाडीची सोय होती. गाडी सुटणार होती उल्काच्याच दारातून, पत्त्यासकट. आणि सगळ्यात खाली काकूंच्या जन्मनावाची वळणदार सही होती, ओत्ताविया घटाटे.

आसावरी ही परीक्षितची बायको. परीक्षित हा उल्काच्या नवऱ्याचा, ऋषीचा, बॉस. आणि त्या दोघांच्या विभागाला या वर्षी एकच काम होतं, ती झाडांपलीकडची इमारत उभी करणं.

"उल्का? आहेस ना?" रेणू म्हणाली. "आमच्याकडे कुणी काही बोललं नाही हं. म्हणजे सगळ्यांनी पाहिलंय, पण कुणी काही बोललेलं नाही."

तेही खरंच होतं. शनिवारपासून ग्रुपवर 'तिळगूळ अप्रतिम' असे अठ्ठावीस निरोप आले होते. त्यातल्या निम्म्या घरांत कुणी ना कुणी डेटा सेंटरवर पोट भरत होतं. प्रत्येकीनं कागद उघडला, वाचला, पुन्हा चार घड्या घातल्या आणि पिझ्झाच्या मेनूकार्डांखाली सारला. आपल्या लोकांचा हा गुण मोठा आहे. वादळ दिसलं की आपण त्याच्यावर झाकण ठेवतो.

झाकण आता उडालं होतं.

*

ऋषी वरून आला तो फोन हातात घेऊनच. परीक्षितचा निरोप होता, 'चारला चहाला येतो, सहजच.' परीक्षित गेल्या सहा वर्षांत सहज कुठेही गेला नव्हता.

डायनिंग टेबलाशी सुवर्णाकाकू बसल्या होत्या. मटार सोलत होत्या आणि समोर बसलेल्या अनिकाला कुठल्या तरी मंत्रिमंडळाच्या पडण्याची गोष्ट सांगत होत्या. वय अठ्ठ्याहत्तर, पाठ ताठ, नऊवारी नेसायची हौस आणि नाक रोमन. माहेर इटलीतलं, उमरावाचं. तिथल्या पदव्या कायद्यानं कधीच गेल्या. पण पदवी गेली तरी मान कुठे जाते? व्हेर्चेल्लीच्या भातशेतीचा प्रदेश, वडील काउंट, तांदळाची गिरणी त्यांची. बावीस वर्षांची ओत्ताविया त्या गिरणीच्या गेटवर संपकरी बायकांच्या रांगेत जाऊन बसली ती बापाच्या विरोधात. वडिलांनी खिडकीची झडप लावून घेतली आणि ती त्यांच्यात पुन्हा कधी उघडली नाही. मग तोरिनो, तिथे मोटारींच्या कारखान्यात शिकायला आलेले नागपूरचे जगन्नाथ घटाटे, मग नागपुरात लग्न. सासूबाईंनी ताटातल्या तांदळात अंगठीनं 'सुवर्णा' लिहिलं तेव्हा नवरी हसली होती. आमच्याकडे तांदळात नावं नसतात, वाकलेल्या बायका असतात, असं ती म्हणाली म्हणे. सासूबाईंना ते कळलं नाही, पण सून आवडली. मराठी त्यांनीच शिकवली, त्यामुळे काकूंची मराठी पक्की नागपूरची. पुढे ॲन आर्बरला चाळीस-बेचाळीस वर्षं गेली, आणि तिथली एकही मिरवणूक काकूंशिवाय निघाली नाही. तीन हिवाळ्यांपूर्वी जगन्नाथकाका गेले आणि ऋषीनं त्यांना आपल्याकडे आणलं. कुंकू त्यांनी तेव्हाही सोडलं नाही. मला ते जगन्नाथनं लावलं नव्हतं, सासूबाईंनी लावलं होतं, एवढंच त्या म्हणाल्या.

ऋषीनं तो कागद मटारांच्या शेजारी ठेवला.

"काकू, हे काय आहे?"

काकूंनी चष्मा वर केला. "पोस्टर. जांभळा जरा जास्त झाला काय?"

"याच्यावर माझा पत्ता आहे."

"माझाही तोच आहे नं बाप्पा. मी काय झाडावर राहून राहिली?"

"तुला माहीत आहे मी कुठे काम करतो."

"म्हणून तर तुला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू सामील झाला असता. आता तू नुसता बावळट आहे. बावळटाला कोणी शिक्षा करत नाही."

अनिका फिस्सकन हसली. उल्कानं तिच्याकडे असं पाहिलं की ती लगेच मटारांकडे वळली.

"आणि मी, काकू?" उल्का म्हणाली. तिचा आवाज चढत नसे. तो फक्त पुण्याचा होत असे. "हळदीकुंकू माझं होतं. माझ्या हातून वाटायला लावलंत तुम्ही ते. मला विचारावंसंही वाटलं नाही तुम्हाला?"

"तुझी मी माफी मागते, उल्का. खरंच मागते." काकूंनी हातातली शेंग खाली ठेवली. "पण मला एक सांग. जानेवारीत तू रात्री पंखा कशाला लावते?"

डेटा सेंटरची जी एक इमारत आधीच उभी होती, अर्ध्या मैलावरची, तिची घरघर रात्री उशीपर्यंत येई. ती मोठी नव्हती. ती थांबत नसे, एवढंच. पंख्याच्या आवाजात ती बुडते हा शोध उल्कानं स्वतःच लावला होता आणि कुणाला सांगितला नव्हता. अनिकानं तर गेल्या वर्षी आपली खोली सोडून रस्त्याच्या बाजूची चिंचोळी खोली घेतली होती.

"मम्मा, पंख्याचं सोड." सोफ्यावरून नीना उठली.

काकूंची ही एकुलती एक लेक पन्नाशीची, पिस्कॅटवेला विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांच्या व्हिसाची कामं बघणारी. हळदीकुंकवाला म्हणून ती आली होती आणि आज संध्याकाळी निघणार होती. बॅग दारात होती. आईच्या बाजूनं ती उभी राहील अशी ऋषीला खात्री वाटत होती. आईचीच मुलगी ती. त्यानं मनातल्या मनात दोघींशी भांडायची तयारी केली.

"ऋषीची नोकरी गेली तर काय होईल, तुला माहीत आहे?" नीना आईला म्हणाली. "साठ दिवस. साठ दिवसांत दुसरी कंपनी नाही मिळाली तर बॅग भरायची. चौदा वर्षं हा ग्रीन कार्डच्या लाइनमध्ये उभा आहे. अनिका दोन वर्षांची असताना आली. तिच्यासाठी नागपूर म्हणजे एक व्हिडिओ कॉल."

"भीती दाखवूनच चालतं नं यांचं सगळं. तेच तर मी म्हणून राहिली."

"भीती दाखवतात, हो. आणि ती खरीसुद्धा असते. मी रोज ऑफिसात बघते या मुलांचे चेहरे. त्यांना लेक्चर देऊन ती जात नाही."

"मी पण घर सोडलं, नीना. बाप सोडला. मी पण..."

"तुला हरणं परवडत होतं, मम्मा."

नीना थांबली नाही.

"तुला बाहेर काढलं तेव्हा तू तोरिनोला मावशीकडे गेलीस. त्या फ्लॅटला संगमरवरी जिना होता. मी चढलेय तो. ॲन आर्बरला तुला पोलिसांनी पकडून नेलं की बाबा गाडी घेऊन तुला आणायला यायचे, आणि मी मागच्या सीटवर होमवर्क करायचे. तू दर वेळी हरलीस आणि दर वेळी आपल्या बेडमध्ये येऊन झोपलीस. मला तुझा अभिमान आहे, खरंच आहे. पण ऋषीकडे तसला जिना नाहीये."

ऋषीला वाटलं, आता भांडं फुटणार. काकू टेबलावर हात आपटतील, इटालियनमध्ये सुरू होतील, मटार जमिनीवर जातील. जे तो स्वतः चार दिवस विचार करूनही बोलू शकला नसता ते नीनाताईनं एका दमात बोलून टाकलं होतं, आणि त्याला सुटल्यासारखं वाटायच्या ऐवजी लाज वाटली.

तसं काही झालं नाही. आयुष्यात त्यांना लोकांनी पुष्कळ नावं ठेवली होती. बापानं घरभेदी म्हटलं, वर्तमानपत्रांनी लाल काउंटेस म्हटलं, सासूबाईंनी प्रेमानं येडी म्हटलं. त्यातलं काही त्यांना लागलं नव्हतं, कारण ते म्हणणाऱ्यांना त्या ओळखून होत्या. हे लागलं. लेकीनं त्यांना भित्री म्हटलं नव्हतं, चूकही म्हटलं नव्हतं. तिनं फक्त एवढं दाखवलं की ज्याला त्या आजवर आपलं धैर्य समजत आल्या, त्याच्या पाठीशी कायम एक उबदार घर उभं होतं. हे आपल्याला अठ्ठ्याहत्तर वर्षांत कुणी का सांगितलं नाही, असं त्यांना वाटलं, आणि लगेच कळलं की सांगितलं असतं तरी आपण ऐकलं नसतं.

"अनिका," त्या म्हणाल्या. "उद्या बोलणाऱ्यांत माझं नाव तू टाकलं होतं नं फोनवरून? काढून टाक."

"आजी, आर यू शुअर?"

"काढ."

अनिकानं आईकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं. दोघांनीही तिला नजर दिली नाही. तिनं अंगठा दोनदा दाबला. "डन," ती म्हणाली आणि खुर्ची मागे सारून वर निघून गेली.

काकूंनी मटारांची परात पुढे ओढली. ऋषीला हवं होतं ते मिळालं होतं. त्याला आठवलं, पहिल्यांदा व्हिसावर आला तेव्हा पाच महिने तो यांच्याच बेसमेंटमध्ये राहिला होता, आणि रोज रात्री कामावरून आला की काकू त्याला चीज घातलेला भात वाढायच्या. रिझोटो म्हणायचे त्याला, पण काकू म्हणायच्या, गुरगुट्या भात आहे, खा. त्याला आत्ता काकूंच्या जवळ जाऊन बसावंसं वाटलं. तो गेला नाही.

*

परीक्षित चारला आला. हातात तिळगुळाचा डबा होता आणि ती पिशवीही होती, रिबन पुन्हा नीट बांधलेली.

"वाण परत आणू नये म्हणतात," तो हसत म्हणाला, "पण आसावरी म्हणाली, हे चुकून आमच्याकडे आलंय."

माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं. मुंबईचा, पंचावन्नचा, स्वतः याच व्हिसाच्या रांगेतून केस पांढरे करून बाहेर पडलेला. ऑफिसात तो आणि ऋषी इंग्रजीत बोलत, तिथे तू आणि तुम्ही हा प्रश्न येत नसे. घरी मराठीत बोलायची वेळ आली की ऋषीच्या तोंडून आपोआप 'तुम्ही' निघे आणि परीक्षित ते दुरुस्त करत नसे.

उल्कानं चहा आणला. काकूंनी कप घेण्याआधीच सांगून टाकलं.

"मी उद्या बोलणार नाही. नाव काढलं. यात ऋषीचा काही संबंध नव्हता, त्याला ठाऊकही नव्हतं."

"काकू, थँक यू. मनापासून." परीक्षितनं खरंच हात जोडले. "तुमच्याबद्दल मला फार रिस्पेक्ट आहे. माझी आजीसुद्धा कॉम्रेड होती."

"हो काय? मग तिला काय सांगणार?"

"ती नाहीये आता," परीक्षित म्हणाला. नीनानं तिळगुळाचा डबा उघडून सगळ्यांपुढे फिरवला. परीक्षितनं एक लाडू उचलला.

"फक्त एक प्रॉब्लेम आहे," तो म्हणाला. "त्या पोस्टरचा कुणीतरी फोटो काढला. तो वरपर्यंत गेलाय. आसावरीनं नाही पाठवला, मी शपथ घेऊन सांगतो. पण आता वरचे मला विचारतायत की हा ऋषी घटाटे कोण. मला त्यांना काहीतरी दाखवायला हवं." त्यानं लाडू खाल्ला, बोटं रुमालाला पुसली. "ऋषी, उद्या तू बोल."

"मी?"

"शेजारी म्हणून. तू इथला रेसिडेंट आहेस, तुझा हक्क आहे. दोनच मिनिटं. मी इथे राहतो, माझी फॅमिली इथे राहते, आम्हाला आवाजाचा काही त्रास नाही. बस, एवढंच."

"आणि नाही बोललो तर?"

"अरे, मी तसं काही म्हणतच नाहीये," परीक्षित म्हणाला, आणि तो खरंच म्हणत नव्हता. "एप्रिलमध्ये रीऑर्ग आहे, तुला माहीतच आहे. नावं माझ्या टेबलावर येणार. तुझ्या नावापुढे काहीतरी चांगलं लिहिता आलं पाहिजे रे मला. मला तुला ठेवायचंय."

त्यानं चहाची तारीफ केली, लाडवांची केली, अनिकाच्या कॉलेजचं विचारलं. जाताना बूट घालायला वाकला तेव्हा म्हणाला, गुडघे गेले. दार लागलं. बाहेर त्याची गाडी सुरू होऊन गेली.

*

"तू बोलणार नाहीस," उल्का म्हणाली.

ऋषी थक्क झाला. "दुपारी तूच काकूंवर..."

"दुपारी मला काकूंना गप्प करायचं होतं. गप्प बसणं वेगळं असतं, ऋषी. गप्प मी चौदा वर्षं बसलेय. माझी डिग्री माळ्यावर ठेवून गप्प बसलेय, कारण व्हिसा तुझा. त्याचं मला काही वाटत नाही. म्हणजे वाटतं, पण ते राहू दे. उद्या तू त्या माइकसमोर उभा राहून सांगणार की आम्हाला काही त्रास नाही? अनिकानं खोली बदलली ती काय हौस म्हणून?"

"हे प्रेशर आहे, सरळसरळ," नीना म्हणाली. ती फोन काढून उभी होती. "माझ्या ओळखीचा एक लॉयर आहे, मी आत्ता त्याला..."

"नीनाताई, दुपारी तू काय म्हणालीस?" ऋषी म्हणाला. "हरणं परवडत नाही. आता परवडायला लागलं?"

नीनानं फोन खाली घेतला.

"बाबा, जस्ट डोन्ट गो," जिन्यावरून आवाज आला. अनिका तिथे कधीपासून बसली होती कुणास ठाऊक. "से यू आर सिक."

"आणि एप्रिलमध्ये पण सिक?" ऋषी ओरडला. "पुढच्या एप्रिलमध्ये? तुम्हा सगळ्यांना काय वाटतं, मला आवडतंय हे? मी काय करू ते सांगा ना मला. एकानं तरी सांगा!"

दुपारी या घरात दोन बाजू होत्या. आता ऋषी एकीकडे होता आणि बाकी सगळ्या दुसरीकडे. त्यातली एकही त्याचं वाईट चिंतत नव्हती, हेच जास्त अवघड होतं. त्याला हॉलमध्ये बसवेना, म्हणून तो मागच्या काचेच्या दारापाशी जाऊन उभा राहिला. झाडांना पानं नव्हती. पलीकडच्या सपाट केलेल्या जमिनीवर पिवळी यंत्रं सुट्टीची उभी होती. दार बंद असूनही ती आधीची इमारत ऐकू येत होती.

"ऋषी बोलेल," काकू म्हणाल्या.

सगळे वळले. काकू खुर्चीतून उठल्या होत्या आणि पदर खोचत होत्या.

"काकू, तुम्ही?" उल्का म्हणाली.

"मीच. संपात आमचा एक नियम होता. जिच्या घरात दुसरं कमावणारं नाही, जिचं मूल अंगावरचं पितं, तिला गेटवर बसवायचं नाही. तिनं खुशाल आत जाऊन काम करायचं. आणि ती आत जाताना आम्ही तिला फितूर म्हणायचं नाही, थुंकायचं नाही. रस्ता द्यायचा." त्यांनी नीनाकडे पाहिलं. "मी गेटवर बसत होती, कारण मला परवडत होतं. ते तू आज सांगितलं. बरोबर सांगितलं. पण ऋषी आत जाणाऱ्यांपैकी आहे, हे मला आधीच कळायला पाहिजे होतं. मी त्याच्याच घरातून रस्ता अडवून राहिली होती."

"मम्मा, तू त्यांच्या बाजूनं बोलायला लावतेयस त्याला."

"मी काही लावून नाही राहिली. तो जाणारच आहे. जाणारच आहे तर धड जाऊ दे. रडका चेहरा घेऊन गेला तर त्यांचंही काम होणार नाही आणि याचंही." त्या ऋषीकडे वळल्या. "इकडे ये. टेबलाच्या टोकाला उभा राहा."

"काकू, नको ना."

"ये म्हटलं नं. अर्ध्या आयुष्यात मी बाकी काही नाही केलं, घाबरलेल्या माणसांना माइकवर बोलायला शिकवलं. तुला नाही शिकवलं तर काय उपयोग?"

ऋषी येऊन उभा राहिला. काकू हॉलच्या दुसऱ्या टोकाला गेल्या आणि चपलांच्या स्टँडजवळच्या स्टुलावर बसल्या. इतक्या ताठ की ते स्टूल कुणाच्या तरी वाड्यातलं वाटावं.

"मी शेवटच्या रांगेत आहे. बोल."

ऋषीनं इंग्रजीत सुरुवात केली. गुड इव्हनिंग म्हटलं, नाव सांगितलं, पत्ता सांगितला.

"पत्ता गिळू नको. तुझं घर आहे ते. पुन्हा."

त्यानं पुन्हा सांगितलं.

"हात खिशातून काढ. आणि कुठे काम करतो ते पहिल्यांदा सांगून टाक. लोकांना कळतंच. आपण होऊन सांगितलं की मग कोणी तोंडावर फेकत नाही."

त्यानं ते सांगितलं. विशेष म्हणजे त्याचा आवाज सुधारत गेला. नोकऱ्यांचं बोलला, काउंटीला मिळणाऱ्या कराचं बोलला, शाळांचं बोलला. ते काही खोटंही नव्हतं. नीना भिंतीला टेकून ऐकत होती आणि नको असताना तिची मान हलत होती. मागच्या सीटवरून तिनं हेच ऐकलं होतं, लहानपणभर. पुन्हा, मोठ्यानं, मान वर. तेव्हा ती माणसं दुसऱ्या बाजूची असायची, इतकंच.

"छान," काकू म्हणाल्या. "आता शेवटचं."

ऋषीनं श्वास घेतला. "वी लिव्ह राइट देअर. वी डोन्ट हिअर एनी नॉइज. वी हॅव नो..."

काकूंनी हात वर केला.

"'वी' नाही. 'आय' म्हण."

"काय फरक पडतो, काकू? परीक्षितनं फॅमिली म्हणायला सांगितलंय."

"तुझ्यासाठी मी तोंड बंद केलं, ऋषी," काकू म्हणाल्या. "कान नाही दिले तुला."

ऋषीनं उल्काकडे पाहिलं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात परीक्षितचा उष्टा कप. जिन्यावर अनिका होती. दोघींपैकी कुणीही त्याला मदत केली नाही.

"पहिल्यापासून घे," काकू म्हणाल्या.

त्यानं घसा साफ केला आणि पत्त्यापासून पुन्हा सुरुवात केली. त्या वाक्याशी आल्यावर त्यानं 'आय' म्हटलं.